मागे जाण्याची खूण

सोमवारी प्रज्वल मोगल आला, आडगाव नाक्यावरून,
हेल्मेट काखेत, तोंडात अर्धा पेढा,
आणि माझा जुना ब्राउझर काढून गेला.
“मॅडम, त्याला आता कोणी वाली नाही.
सरकारी साइट त्यात उघडेनात. हा बघा,
पाण्यासारखा चालतो.”

चालतो, खरंच.
ओल्या फडक्याने पुसलेल्या ओट्यासारखा लख्ख.
बोरस्त्यांचा कंटेनर, बागेचा नोंदणी क्रमांक,
औषधांच्या अंशाचा अहवाल,
क्लिक करायच्या आत हजर.
तक्रार करायची तरी कशाची?

हात ऐकत नाही, बस्स.
अकरा वर्षं उजवं बटण दाबून
माऊस इंचभर डावीकडे ओढला
की मागचं पान यायचं.
तव्यावरची भाकरी उलटावी तसं, न बघता,
एकीकडे फोनवर गायख्यांशी पेट्यांचा हिशोब करत.
आता ओढते, तर एक उभी यादी लोंबते:
मागे, पुढे, जतन करा, छापा.
‘मागे’ आहे, नाही असं नाही.
पण मागे जायला आता वाचावं लागतं.

त्याच्या कोपऱ्यात एक टोपली होती.
मिटलेली पानं तिच्यात पडायची,
शेवटचं सगळ्यात वर.
चुकून मिटलेलं काढायचं, झटकायचं, पुढे.
नव्यातही आहे म्हणे:
तीन टिंबांच्या आत, तिथून ‘इतिहास’, मग खाली, अजून खाली.
अहो, मला काय ताम्रपट शोधायचाय?
दहा मिनिटांपूर्वीचं चलन हवंय.

द्वारकेला उड्डाणपूल झाला तेव्हाही
आठ मिनिटं वाचली होती.
ह्यांनी घड्याळ लावून मोजली होती, दोन्ही बाजूंनी.
वरून शहर छान दिसतं.
खाली पेरूवाला होता माझा, मीठ-तिखट वेगळ्या पुडीत देणारा.
पुलावर ब्रेक मारायला जागा नाही.

आणि एक वही होती, खिडकीच्या डाव्या कडेला,
दाबली की सरकत बाहेर येणारी.
तिच्यात काय काय:
‘कातड साहेब, सहानंतरच फोन’
‘मोहाडीचा प्लॉट, स्पेलिंगमध्ये दोन ए’
‘गॅस’
‘रीफर सेटिंग शून्य, उणे नाही!!’
आणि एकदा नुसतंच, ‘आज काही बोलायचं नाही.’
कोणाशी, ते लिहिलं नव्हतं.
लिहायची गरज नव्हती तेव्हा.

प्रज्वलने विचारलं होतं.
खोटं कशाला बोलू, दोनदा विचारलं होतं:
“ह्यातलं काही ठेवायचंय?”
समोर ट्रक लागला होता, ड्रायव्हर गेटपास मागत होता,
थंड खोलीचं दार उघडं होतं, पायांवर गार हवा येत होती.
मी मान वर न करता म्हटलं,
काही नाही रे, उडव.

मंगळवारी पुन्हा फोन केला त्याला.
म्हणाला, एक जोड मिळते, फुकट आहे,
टाकली की तुमची ती खूण चालेल जशीच्या तशी.
आणि वही?
पलीकडे हॉर्न वाजत होते, मेहेर सिग्नलला असावा.
“वही कुठली, मॅडम?”

गुरुवारी दुपारी बघते तर
बोट आपसूक वरच्या बाणावर जाऊन आलंय.
पान मागे गेलंय.
मी न सांगता, न बघता.
तीन दिवसांत!
अकरा वर्षांची सवय, आणि तीन दिवस.
हाताचा एवढा राग कधी आला नव्हता.

मग मुद्दाम उजवं बटण दाबलं,
मुद्दाम डावीकडे ओढलं, चांगलं दोन इंच.
यादी लोंबली.
मागे, पुढे, जतन करा, छापा.
बाहेर शेवटचा पॅलेट चढत होता,
बोरस्ते घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघत होते.

छापलं.
इनव्हॉइस, दोन प्रती.