उलटा बाक

आमच्या फ्योर्डच्या काठाला झाडं नाहीत.
लाकूड येतं ते समुद्रातून,
सायबेरियातल्या नद्यांनी सोडून दिलेलं,
चार-पाच वर्षं बर्फासोबत भटकून
मिठात मुरलेलं, राखाडी, शिशासारखं जड.
तसा एक ओंडका मी राखून ठेवला होता
होडीच्या कण्यासाठी.
त्याचा बाक केला.

पाटी पितळेची.
स्टेन्व्योर हाल्वार्दस्दोत्तिर.
नाव इतकं लांब की खोदणाऱ्यानं
शेवटची दोन अक्षरं कोपऱ्यात दाबून बसवली,
भरलेल्या गाडीत उशिरा आलेल्या माणसांसारखी.

एकोणीस वर्षांची पोर.
मासळीच्या कारखान्यात कॉडचे काटे काढायची,
हात असा झरझर चालायचा
की बघणाऱ्याला आपलंच बोट कापल्यासारखं वाटावं.
संध्याकाळी अकॉर्डियन.
गेल्यावर सगळे म्हणाले, काय गोड वाजवायची!
तिचा बाप प्रार्थनेनंतर उभा राहिला,
टोपी हातात,
म्हणाला, भसाडं वाजवायची.
आणि खाली बसला.

त्या जानेवारीत नकाशावर एक पिवळी रेघ होती.
रेघेच्या आतल्यांनी घरं सोडावीत, असा निरोप आला.
हाल्वार्दुरचं घर आत.
त्यानं लेकीला ट्रॅक्टरवर बसवलं,
मांडीवर अकॉर्डियनची पेटी,
आणि रेघेबाहेर मावशीच्या दारात सोडून
मेंढ्यांसाठी परत फिरला.

पहाटे चारनंतर डोंगर उतरला.
ती रेघ त्याला कुणी दाखवलीच नव्हती.

मावशीचं घर गेलं, मावशी गेली.
आम्ही लांब काठ्या खुपसत होतो दोन दिवस,
कुत्री एकाच जागी येऊन गप्प बसत होती.
हाल्वार्दुरचं घर अजून आहे.
काचेला तडासुद्धा नाही.
यावर तो कधी काही बोलला नाही,
आणि आम्हीही
त्याच्याकडे कॉफी प्यायला जाणं हळूहळू टाळलं.
हे लिहायला नको होतं, पण आहे तसं आहे.

बाक बसवला तो पाण्याकडे तोंड करून.
नगरपालिकेनं तसं ठरवलं होतं:
समोर फ्योर्ड, पलीकडचे निळे कडे,
उन्हाळ्यात मध्यरात्रीसुद्धा उजेड.
सिमेंटमध्ये चार बोल्ट, मीच आवळले.
आठवड्यानं बघतो तर बाक फिरवलेला.
पाठ समुद्राला, तोंड डोंगराला.
मला सांगितलं, सरळ करा. केला.
पुन्हा उलटा.
सरळ केला.

तिसऱ्या वेळी मी रात्री जाऊन थांबलो.
तो आला, खिशात गंजका पाना,
मला बघून दचकला नाही.
बोल्ट घट्ट होते, त्याच्या बोटांना संधिवात.
म्हटलं, पाणी किती छान दिसतंय, हाल्वार्दुर.
म्हणाला, पाण्यानं काय केलंय?
मग बऱ्याच वेळानं, डोंगराकडे हनुवटी करून,
याच्यावर कुणीतरी
डोळ्यांत तेल घालून बसायला हवं.

मी माझा पाना काढला.
दोघांनी मिळून फिरवला बाक,
आणि मी बोल्टांवर वेल्डिंग मारलं.
नगरपालिकेला कळवलं: गंजले आहेत, निघत नाहीत.

आता वर भिंत बांधलीय, मातीची, उंच,
पुढचा बर्फ बाजूला वळवायला.
हाल्वार्दुर तिच्या शेजारी जाऊन पडलाय,
अकॉर्डियन चर्चच्या कपाटात आहे.
जुलैत जहाजातून पाहुणे उतरतात,
बाकावर उलटे बसतात, गुडघे पाठीला लावून,
फ्योर्डचे फोटो काढतात, आणि विचारतात
हा असा कुणी बसवला, वेड्यासारखा?
मुलं सांगतात, आमचा उलटा बाक.
त्यांना त्याहून जास्त माहीत नाही.

जूनमध्ये मी त्याला तेल देतो.
जवसाचं, दोन हात.
पहिला हात सुकेपर्यंत एका टोकाला टेकतो,
पाईप पेटवतो,
आणि पाईप विझून जातो तरी
मान खाली येत नाही.