आवाज भरायचाय

मुजाहिद उदगीरचा. शिडीवर चढून
खांबाला डबी बसवता बसवता वरून सांगतो,
"मामा, हिला रात्रीचं दिसतं."
मी म्हणलं, दिसूलालंय तर दिसू दे,
मला बी अकरा वर्षं दिसूलालंय.

बार्शी रोडच्या ह्या दवाखान्याला अजून भिंती नाहीत.
पाच मजले नुसते कॉलम,
आणि खाली जालन्याहून आलेली सळई,
बाराची, सोळाची, वीसची.
मागल्या अमावास्येला सोळाची दोन बंडलं गेली.
कुत्री भुंकली नाहीत.
बिडवे साहेब माझ्याकडं बघून काहीच बोलले नाहीत.
ते काही न बोलणं
मी अजून भाकरीसंगं बांधून आणतो.

आता चार खांब, चार डबे, वर उन्हाच्या पाट्या,
आत सिमकार्ड.
तापलेलं जे असंल ते त्यांना पांढरं दिसतं.
मुजाहिदनं मोबाइलवर दाखवलं :
काळी जमीन, काळी सळई, काळं मिक्सर,
आणि पत्र्याच्या खोपीपुढं पांढरी चूल,
विझवून तास झाला तरी पांढरी.
चंद्रकला लेकीला घेऊन बाहेर निजलेली,
दोघींचा मिळून एकच ढग.
"हे रोजचं हाय," मी म्हणलं, "हे नको धरू."
त्यानं बोटानं चौकट ओढली.
तेवढ्या चौकटीत आता कुणी कूस बदलली
तर पुण्यात कुणाचा फोन वाजत नाही.

मग हजेरीचं मशीन.
बोट ठेवा. ठेवलं. पुन्हा ठेवा.
रेघा सिमेंटनं खाल्लेल्या.
रुस्तुम मिस्त्रीच्या दहाही बोटांत
मशीनला एक माणूस सापडंना.
"तोंड दाखवा."
रुस्तुमनं रुमालानं तोंड पुसलं,
लग्नातल्या फोटोला बसल्यावाणी ताठ झाला.
हिरवा दिवा लागला
आणि एवढा मोठा गडी लाजला.

शेवटी मुजाहिद म्हणाला, मामा, ह्यात आवाज भरायचाय.
कंपनीचा हाय एक, हिंदीतला, बाईचा,
पर चोराला वाटतं, चहाला बोलवूलालीय.
तुमचा द्या.
मी फोनजवळ तोंड नेलं. शब्दच येईनात.
अकरा वर्षं अंधारात वरडलो,
ठरवून कधी वरडलो नव्हतो.
"कोन हाय रे तिकडं?"
"जोरात."
"कोन हाय रे तिकडं!"
"खोकला नको, मामा."
तिसऱ्यांदा खोकला आला नाही. तेच ठेवलं.

सोमवारी रात्री अडीचला
वीसच्या सळईपाशी कुणीतरी वाकलं.
मी टाकीमागं बसलेलो,
आणि तिकडं मीच वरडलो, खांबावरून,
पंचवीस वर्षांच्या गड्यावाणी.
मोटारसायकल उसातून पळाली.
एक करवत तेवढी मातीत राहिली, दात तसेच नवे.
सकाळी बिडवे साहेबांनी खांबाकडं बघून मान डोलवली,
मग आठवण झाल्यासारखी माझ्याकडं.

पगार तोच. फिरू नका म्हणलेत,
खुर्चीत बसून मोबाइल बघा.
बघतो. पर पायांना कोण सांगणार?
काल दोनला ते आपसूक उठले,
बंडलं मोजत मोजत चौकटीबाहेर गेले.

"कोन हाय रे तिकडं!"

मी काठी टेकवून उभा राहिलो.
एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
नाव सांगितलं. बापाचं सांगितलं.
गाव, तालुका रेणापूर.
मग खोकलो, मुद्दाम,
ओळख पटावी म्हणून.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं.
कुत्री भुंकली नाहीत.