हातचं राखून

शनिवारी बेलोईच्या धक्क्यावर बाजार भरतो:
सुके मासे, माडाच्या गाभ्याचं पीठ, कोंबड्या,
आणि मी.
लाल जाकीट, गळ्यात कार्डांची माळ,
पत्र्याच्या पेटीवर खडूनं लिहिलेलं: पुल्सा.
दिली शहर समोर दिसतं, पाण्यापलीकडे,
पण रेंज येते ती चर्चच्या तिसऱ्या पायरीवर.
दुसऱ्या पायरीवर नाही. चौथीवर कधी कधी.

ओलांदिना मावशी एका डॉलरचं पॅकेट घेते.
एक दिवस, थोडेसे एमबी.
एकदा विचारलं होतं तिनं,
रात्री बारानंतर उरलेलं कुठे जातं रे?
मी म्हटलं, कंपनीकडे.
ती म्हणाली, माझ्याकडे उरलेला भात
निदान डुकराला तरी जातो.

तिचा जुव्हेन्सिओ आयर्लंडच्या वरच्या टोकाला
मांस कापायच्या कारखान्यात आहे.
इथे अकरा वाजता तिथे अपरात्र,
रात्रपाळीची पंधरा मिनिटांची सुट्टी.
पहिल्यांदा तिनं व्हिडिओ लावला तेव्हा
चार मिनिटांत सगळं पॅकेट संपलं
आणि पडद्यावर पोराचा चेहरा गोठला,
डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं.
तिनं छातीवर क्रूस काढला.
तेव्हापासून नुसता आवाज.
चेहरा महाग आहे, म्हणते. आवाज परवडतो.

बोलतेही हातचं राखून:
जेवलास? थंडी? पैसे मिळाले.
शेळी व्याली, दोन. बापाचा खोकला तसाच.
पुढे जरा वेळ कोणीच बोलत नाही,
आणि ते न बोलणंही मोजलं जातं
हे मी तिला कधी सांगितलं नाही.

ऑगस्टात झेफेरिनो परत आला, माझा चुलतभाऊ,
त्याच कारखान्यातला.
ताडी पिताना म्हणाला,
जुव्हेन्सिओचा उजवा हात मशीनमध्ये गेला होता.
आईला सांगू नका म्हणालाय.
मी विचारलं, किती?
त्यानं स्वतःची बोटं वर केली
आणि त्यातली मिटून दाखवली.

मग कळलं,
कँटीनमध्ये फुकटचं वायफाय असलेला पोरगा
दर शनिवारी का म्हणतो,
आई, इकडे नेटवर्क बरं नाही.

गेल्या शनिवारी मावशी आली
ती पाच डॉलरच्या चुरगळलेल्या नोटा घेऊन.
माशांच्या सात माळा विकल्या होत्या.
नवी ओढणी, केसांना तेल.
मोठं दे, म्हणाली. आज चेहरा बघायचा.
फोन माझ्या हातात दिला.

मी पॅकेट भरलं.
तिसऱ्या पायरीवर चारही दांड्या भरलेल्या,
इतकं स्वच्छ नेटवर्क या बेटावर
मी वर्षात पाहिलं नव्हतं.
मी विमानाच्या चित्रावर अंगठा टेकवला.

गेलं, म्हटलं. टॉवरचं डिझेल संपलं असेल.
ती टॉवरकडे बघत राहिली.
शेजारी, पाचव्या पायरीवर,
बोटीवरचा एक पोरगा मोठ्यानं
बहिणीशी बोलत होता, हसत होता.
तिनं ऐकलं असणार.
फोन घेतला, ओढणीच्या टोकात बांधला.
पैसे परत मागितले नाहीत.
त्या रात्री बाराला ते सगळे जीबी
जिथे जायचे तिथे गेले.

आज पुन्हा आली. एक डॉलर पुढे केला.
नेहमीचं? मी विचारलं.
नेहमीचं, म्हणाली.
नंबर दाबताना माझ्या बोटांकडे बघत होती.
मग हळूच, माशांचा भाव विचारावा तसं:
दोनच ना?

हो, म्हटलं मी, मान खाली घालून,
आज दिलीहून दोनच बोटी आल्या.

ती तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली.
जेवलास? तिला विचारताना ऐकलं मी.
आणि नंतर, आजवर कधी न विचारलेलं:
चमच्यानं, की हातानं?