तात्पुरतं

रौमा, नोव्हेंबरचा शेवट. साडेतीनलाच
खिडकीबाहेरचा समुद्र विझला.
कागद गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर मला दिलंय
एक टेबल, एक लॅपटॉप,
आणि स्वागतकक्षात काल लागलेल्या
कुणाही पोरीइतके अधिकार.
म्हणजे जेवणाचा मेनू पाहा,
रजेचा अर्ज भरा,
दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरला कागद पाठवा.

शिवाय परवानगीचं पत्र, सहीशिक्क्याचं:
सोमवार ते शुक्रवार, एवढंच जाळं, त्यापलीकडे पाऊल नाही.
ते घडी घालून आतल्या खिशात ठेवलंय.
चोरात आणि माझ्यात तेवढाच एक कागद.

मी काही फोडत नाही.
नुसती चौकशी करते, कोण कुणाचा कोण.
जाळं भाबडं असतं. विचारलं की सांगून टाकतं
कुठला गट कुठल्या गटाच्या पोटात,
कुणाला कुणाचा पासवर्ड बदलता येतो.
मी ठिपके मांडत जाते, रेघा ओढत जाते.
रांगोळीची रेघ फिरून आपल्या जागी येते,
ही येत नाही,
ही चढत राहते.

प्रिंटरच्या पोटात एक नाव सापडलं.
त्या नावाला गोदामात मुभा.
गोदामातून मदतकक्ष,
तिथे सात जणांचा एक गट
(तिघं नोकरी सोडून गेलेत, गटातून नाही गेले),
तो बदलू शकतो बॅकअप खात्याचा पासवर्ड.
आणि बॅकअपला सगळं उघडतं.
सगळ्याची नक्कल ठेवणाऱ्यापुढे
कुठलं कुलूप टिकणार?

मोजल्या. पाच रेघा.
पायपुसण्यापासून तिजोरीपर्यंत पाच.

बोट दिलं की मनगट धरतात म्हणे.
इथे मनगट कुणी मागितलंच नव्हतं,
ते टेबलावर राहून गेलं होतं
एखाद्या विसरलेल्या हातमोज्यासारखं.

चार रेघांचे शेऱ्याचे रकाने कोरे.
पाचवीत मात्र कुणीतरी लिहिलेलं:
'तात्पुरतं. सोमवारी काढतो. तैस्तो.'
अकरा वर्षांपूर्वीचा शनिवार, रात्रीचे दोन वाजून दहा.

केर्ट्टु सालमेला चष्मा कपाळावर चढवून वाचते.
हातातला वेलचीचा पाव बशीत ठेवते.
"त्या रात्री चार नंबरचं मशीन बसलं होतं.
धक्क्यावर जहाज खोळंबलेलं. तैस्तो एकटा.
त्यानं फोन केला, मी झोपेतच म्हटलं,
देऊन टाक अधिकार, सोमवारी बघू."
"मग सोमवारी?"
"सोमवारी मशीन चालत होतं."

तैस्तो आता ओऊलूला असतो, नातवंडांना स्की शिकवतो.
त्याचं खातं इथेच आहे,
कधीमधी रात्री जागं होतं, बहुधा एखाद्या जुन्या कामापुरतं.

अहवालाच्या तक्त्यात मी लिहिते: अतिगंभीर.
लाल रंग भरते.
झोपेतून उठून एकानं दुसऱ्याची अडचण ऐकली,
त्याला या तक्त्यात रकाना नाही.
असावा असंही नाही.
आत शिरणारा काही विचारत बसणार नाही
की ही फट कुणाच्या भलेपणाची.

केर्ट्टु ती रेघ स्वतः काढते.
क्लिक करून दोघी गप्प बसतो,
खालच्या मजल्याची घरघर ऐकत.
एक मिनिट. चार मिनिटं.
चार नंबरचं मशीन आपलं चालूच,
त्याला काही कळलंही नाही.

निघताना नकाशा पुन्हा एकदा काढला, सवयीनं.
पाच रेघांच्या झाल्या चार, आणि चौथी हवेत सुटलेली.
तळाच्या कोपऱ्यात एक नवा ठिपका.
माझाच.
शेरा, केर्ट्टुच्या टापटिपीत:
'पाहुणी. तात्पुरतं. शुक्रवारी काढणे.'

पावणेपाच. आज शुक्रवार.
केर्ट्टुनं कोट चढवलाय, दिवा मालवतेय,
दारात थांबून विचारते, "काही राहिलं?"