सूत

टेकचंद म्हणतो, एका सुतात तीन हजार एकशे पंच्याहत्तर मायक्रॉन.
आजोबांच्या मागावर सूत म्हणजे नुसतं सूत होतं,
ओठांत धरून ओलं करायचं, तुटलं तर गाठ मारायची.
इथे गाठ चालत नाही.
क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये
पन्नास मायक्रॉनची जागा, तेलाला निजायला.
ती साठ झाली की पुन्हा पहिल्यापासून.

वही माझ्याकडे.
सहकारी बँकेत एकतीस वर्षं लोकांचे आकडे लिहिले, आता भावाचे.
हिंगण्याच्या शेडचं भाडं.
घडीव पिस्टन, नग चार, जपानहून, कस्टमसकट.
कनेक्टिंग रॉड: लिहिलं, खोडलं, वरच्या बाजूला पुन्हा लिहिलं.
पुण्याला तोलायला पाठवलेला क्रँक
दोन ग्रॅम जड म्हणून परत आला,
दोन ग्रॅमचं जाणंयेणं नऊ हजार.
बेसाचा प्लॉट एका ओळीत मावला.

रामदासपेठेतल्या डॉक्टर खेडीकरांना शर्यतीची गाडी पाहिजे,
मिनिटाला साडेआठ हजार फेरे.
पैसे अर्धे आत्ता, अर्धे इंजिन गायलं की.
मी विचारलं, मोठ्या कंपन्या कसं करतात?
"त्या आधी शंभर फोडतात, ताई.
आपल्याजवळ एकच आहे."

मे महिना. शेडमध्ये सेहेचाळीस.
दुपारी मोजलेलं सिलेंडर पहाटे वेगळंच भरतं,
ॲल्युमिनियम उन्हात अंग सोडतं,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखं.
कूलर लावावा तर ओलाव्यानं रातोरात गंज.
मापं वीस अंशांवर घ्यायची असतात,
आणि वीस अंश आमच्याकडे डिसेंबरात मिळतात.

अफसरला आठवलं, कळमन्याचं मिरचीचं शीतगृह.
छोट्या हत्तीत गादीवर निजवून ब्लॉक नेला,
पुढच्या खोलीत भिवापुरी मिरचीच्या पोत्यांमध्ये
रात्रभर निवू दिला.
टेकचंद तोंडाला रुमाल बांधून मोजत होता.
शिंक आली की श्वास धरायचा,
श्वास धरला की डोळ्यांतून धार,
तशातच मला आकडा सांगायचा, तिसऱ्या दशांशापर्यंत.
हमालानं विचारलं, "काहून रडून राहिला हा?"

जुळणीला एकवीस दिवस.
बोल्ट किती आवळला ते नाही,
आवळल्यावर तो किती लांबला ते मोजायचं, हे मला तेव्हा कळलं.

बुटीबोरीला भाड्याची चाचणी-खोली, तासाला साडेचार हजार.
तीन हजारावर ते खोकलं.
सहा हजारावर त्याचे सगळे आवाज मिळून एक झाला.
आठ हजार दोनशेवर अफसरनं माझा हात धरला आणि लाजून सोडला.
मला यंत्रातलं काही कळत नाही,
पण काचेच्या अलीकडे माझ्या ग्लासातलं पाणी
हललं नव्हतं.
म्हटलं, दोन ग्रॅम वसूल.

अकरा मिनिटं.

मग टण्,
मुठीएवढं भोक पाडून रॉड बाहेर,
आणि जमिनीवर तेल, गूळ वितळल्यासारखं, सावकाश.

तीन दिवस तो बोलला नाही. चौथ्या दिवशी उघडलं.
दुसऱ्या बेअरिंगकडे जाणारी तेलाची वाट, तीन मिलीमीटरची.
चिमट्यानं त्यानं आतून काहीतरी ओढलं,
ते येतच राहिलं, वीतभर,
पिवळं पडलेलं, न जळलेलं.
पुसायला आम्ही मागावरचे जुने तुकडे वापरत होतो.
चाळीस नंबरचं. मी बघताच ओळखलं.

बराच वेळ त्यानं ते दिव्याखाली धरलं.
मग सवयीनं ओठांत धरून ओलं केलं,
तेलासकट, आणि बोटाला गुंडाळलं.
"पक्कं आहे ना बाप्पा," म्हणाला, "तुटलं नाही."

डॉक्टर फोन उचलत नाहीत,
उचलला तर समोर पेशंट असतो.
ब्लॉक भंगारात लिहू का विचारलं, तर म्हणाला, थांब जरा.
तेवढी ओळ रिकामी सोडलीय.
तिच्याखाली कालची तारीख:
धागा न सोडणारी फडकी, नग दहा, रुपये आठशे.