सदतीस ब

शिवोलीतली माझी खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या,
पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला,
खिडकीच्या फटींत जुने टॉवेल.
सगुण चोडणकर शर्टाची दोन बटणं सोडून
माइकसमोर बसलाय,
दाताच्या डॉक्टरपुढे बसावं तसा.

सोमवारी घशाचं ऑपरेशन.
त्याआधी दोनशे वाक्यं कॉम्प्युटरात ठेवायची,
मुलीनं वहीत लिहून दिलेली:
मला पाणी हवंय. लाइट बंद कर.
दुखतंय, पण थोडंच.

'वीतभर मागे सरका. ब आला की मान जरा वळवा.'
वळवतो बिचारा.
चाळीस वर्षं शापोऱ्याच्या धक्क्यावर
मासळीचा लिलाव पुकारला त्यानं;
हळू बोलणं आत्ता शिकतोय.
पडद्यावर हिरव्या लाटा,
बुटक्या, शहाण्या.

सदतिसावं वाक्य: बाजारातून बांगडे आण.
'बांगडे' म्हणाला आणि खुर्चीतून उठलाच,
बांगडे! पाटी बाराशे! साडेबाराशे!
तेराशे कोण म्हणतो, तेराशे!

सगळा पडदा तांबडा. हेडफोनमध्ये माझे कान बधिर.
गोधड्या, टॉवेल, सगळं ओलांडून
रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं,
साडेतेराशे!

तो हसला, खोकला, बराच वेळ खोकला.
'पुसून टाक ते. फुटलाय आवाज.'
मी हो म्हटलं.
फाइलला नाव दिलं, सदतीस ब,
आणि वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवली.

मग पुन्हा, वीतभर मागून,
मान वळवून, अगदी स्वच्छ:
बाजारातून बांगडे आण.