अंतराचा घातांक

सकाळी मी कुलाब्याच्या टोकाला असते,
नेव्हीनगरच्या फाटकाआत, समुद्राकडे पाठ करून,
वक्र अवकाशाच्या समीकरणांशी भांडत.
दुपारी दोनला बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला,
कोळंबीवरच्या आयातशुल्काचा अहवाल.
लोक विचारतात, दोन्ही कसं जमतं?
बस एकच आहे, मी सांगते.

खरं तर सूत्रही जवळपास एकच.
दोन देशांच्या मिळकती वर, गुणून.
अंतर खाली.
व्यापाराच्या अभ्यासकांनी ते आमच्याकडून उसनं नेलं
साठेक वर्षांपूर्वी,
परत केलंच नाही.
फक्त घातांक बदलला. आमच्या जुन्या सूत्रात तो दोन,
त्यांच्याकडे एकाच्या आसपास.
नाडगौडा सरांना ‘आसपास’ चालायचं नाही.
बुध शतकाला त्रेचाळीस विकला चुकला, ते म्हणत,
तर तेवढ्यासाठी अख्खं जुनं घर पाडावं लागलं गं.
तुमचं काय, दहा टक्के चुकलं तरी चहा पिता.

चहा तेही प्यायचे. बशीतून.
आणि फळ्यावर एकच वाक्य ठेवायचे, पुसू द्यायचे नाहीत:
पडणाऱ्याला वजन नसतं.
वजन कळतं ते जमिनीने अडवल्यावर.

ससून डॉकला मी त्या मंगळवारी उतरले
ती केवळ एका आकड्यासाठी.
धाकलीबाई तांडेल, पाट्याएवढ्या स्टुलावर,
बोटं बर्फाने पांढरी,
डोकं तोडून, साल काढून, काळा दोरा ओढून,
एक कोळंबी, मग दुसरी,
बोलताना हात थांबला नाही.
किलोमागे दोन रुपये कमी झालेत, म्हणाली, दिवाळीपासून.
मी समजावलं: तिकडच्या सरकारने शुल्क वाढवलं,
मागणी घटली, निर्यातदाराने भाव पाडला, मुकादमाने—
मुकादमाचं तिला माहीत होतं.
बाकीचं तिने ऐकून घेतलं, मग विचारलं,
“म्हंजे आमची कोलंबी त्यांना जड झाली?”

मी वहीत लिहिलं: जड.
खाली दोनदा रेघ ओढली.

आमच्या तक्त्यात अंतर मोजतात राजधानी ते राजधानी.
म्हणजे माझ्या अहवालातली कोळंबी
दिल्लीहून निघते,
जिथे समुद्र नाही,
आणि दुसऱ्या एका शहरात पोचते जिथे तोही नाही.
मधले चौदा हजार किलोमीटर
एका लॉगॅरिदमच्या पोटात मावतात.
ससून डॉक ते धाकलीबाईची खोली
हे अंतर कुठल्याच रकान्यात नाही,
आणि दोन रुपये
शेषपदात, जिथे आम्ही टाकतो
जे जे समजलं नाही ते सगळं.

जड म्हणजे गुरु, सर असते तर म्हटले असते,
आणि कवितेत गुरु म्हणजे दोन मात्रा,
मोज, विद्यार्थिनी.
सर जाऊन आता तीन वर्षं झाली.
फळा कुणीतरी पुसला, बहुधा नव्या मुलाने,
त्याला काय माहीत.

शुल्कही जमीनच, मी मसुद्यात लिहिलं.
माल पडत असतो, भाव पडत असतो, पडता पडता कुणालाच काही जाणवत नाही,
आणि मग कुठेतरी कुणीतरी जमीन ठेवतं
आणि वजन एका स्टुलावर येतं.
परीक्षकाने समासात लिहिलं:
उपमा काढा. एका निरीक्षणावरून निष्कर्ष नको.
बरोबर आहे त्यांचं.
मी उपमा काढली.
पान एकोणीस दीड ओळीने आखूड झालं.

घातांक काढायला मात्र मन धजेना.
शून्य पूर्णांक ब्याण्णव, तिसऱ्या दशांशापर्यंत तपासलेला.
त्या शब्दात आधी घात येतो
हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

त्या मंगळवारी निघताना तिने हाक मारली.
मुकादमाचा काटा शेजारीच होता, तिने तिकडे पाहिलंही नाही.
दोन मुठी कोळंबी पिशवीत टाकली, मग अर्धी मूठ आणखी.
किती झाले, मी विचारलं.
तिने मान हलवली, आणि पुढची कोळंबी उचलली.

बसमध्ये पिशवी गळत होती.
तक्ता क्रमांक चार अजून किंचित वास मारतो.